दस्तक, जकात आणि आमच्या गाडीचा टॅग

मी माळेगावचा, असे सांगितले की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे नाशिककडचे? यंत्रमागवाले?" मुसलमान माणूस आणि मालेगाव ही जोडी लोकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. मग मी सांगतो, आमचे माळेगाव बारामतीजवळचे, 'ळ'चे, उसाचे आणि साखर कारखान्याचे. त्यातही बुद्रुक. शेजारी माळेगाव खुर्द आहे. बुद्रुक म्हणजे फार्सीतले 'बुजुर्ग', थोरले. खुर्द म्हणजे धाकटे. आमच्याकडच्या कितीतरी गावांच्या नावांत हे दोन फार्सी शब्द इतके मुरले आहेत की ते बाहेरून आले हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून शब्दांच्या मागे लागण्याची खोड आहे. हा लेखही एका शब्दापासूनच सुरू झाला. मात्र तो शब्द मला शाळेत भेटला नाही, टोलनाक्यावर भेटला. तोही माझी चूक पकडली गेली तेव्हा.

गेल्या हिवाळ्यात सोलापूरला नात्यातले लग्न होते. माझी गाडी लहान, माणसे जास्त, म्हणून मेहुण्याची मोठी गाडी घेतली. त्याच्या गाडीचा टॅग बरेच दिवस बंद होता, कागदपत्रे द्यायची राहिली होती. मी म्हणालो, "माझा टॅग आहे की." माझा टॅग मी काचेला कधी चिकटवलाच नव्हता. एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवला होता. ज्या गाडीने जायचे, तिच्या काचेपाशी तो धरायचा. आमच्या दोन घरांत तो असा वर्षभर फिरत होता. पाहुणे आले की त्यांनाही दिलेला आहे.

वाटेतल्या एका नाक्यावर फाटक उघडले नाही. खिडकीतला मुलगा पडद्याकडे बघत म्हणाला, "सर, टॅग कुठल्या गाडीचा आहे? इथं नंबर वेगळाच येतोय."

"घरचाच आहे हो," मी म्हणालो.

"घरचा असून चालत नाही. गाडीचा पाहिजे."

मागे रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. दंडासह रोख पैसे भरून सुटलो. गाडीत कुणी काही बोलेना. मग मागच्या सीटवरून अब्बा म्हणाले, "जकात नाक्यावरही असंच असायचं. एका पावतीवर दोन खेपा मारणारे आमच्या वेळीही होते." अब्बांनी तीस वर्षे ट्रक चालवला. गूळ, कांदा, पेंड, काय काय वाहिले. प्रत्येक शहराच्या तोंडाशी थांबून पावती फाडली.

माझी मुलगी सातवीत आहे. तिने विचारले, "अब्बू, दादाजान जकात म्हणाले. जकात तर रमजानमध्ये देतात ना? गरिबांना?"

या प्रश्नाचे उत्तर सोलापूर येईपर्यंत मला नीट देता आले नाही. ते आता देतो आहे.

मुलीचे बरोबर होते. अरबीत 'जकात' म्हणजे शुद्ध होणे आणि वाढणे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर आपल्यापाशी राहिली की तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, हक्कदारांना द्यायचा. हा इस्लामच्या पाच आधारांपैकी एक. मराठीत मात्र जकात म्हणजे मालावर नाक्यावर द्यायचा कर. एकच शब्द. मशिदीत तो ऐकला की माणूस खिशात हात घालतो आणि नाक्यावर ऐकला की खिसा झाकतो.

हा अर्थबदल मराठीने आपल्या मनाने केलेला नाही. इस्लामच्या सुरुवातीच्या काळातच व्यापाऱ्यांच्या मालावरची जकात रस्त्यावरच्या चौकीत घ्यायला सुरुवात झाली होती. खलिफा हजरत उमर यांच्या काळातली व्यवस्था फिकहच्या पुस्तकांत सांगितली जाते, ती अशी: मुसलमान व्यापाऱ्याकडून अडीच टक्के, राज्यातल्या बिगरमुस्लिम प्रजेकडून पाच, परक्या मुलखातून आलेल्याकडून दहा. पुढे राज्ये बदलली, दर बदलले, हक्कदार मागे पडले आणि चौकी तेवढी उरली. दख्खनेत आल्यावर हा शब्द सरकारी दफ्तरात रुळला. शिवाजी महाराजांच्या कारभारातही तो आहे आणि पेशवाईतही. गोव्याकडच्या बारदेशातून येणाऱ्या मिठामुळे कुडाळकडच्या मिठाचा धंदा बसू नये म्हणून त्यावरची जकात वाढवण्याचा महाराजांचा 1671 चा हुकूम इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे.

जकातीचा एक भाऊ म्हणजे 'रहदारी'. फार्सीत राहदारी म्हणजे रस्ता राखण्याबद्दल घेतलेला कर. आज मराठीत रहदारी म्हणजे नुसती वाहनांची वर्दळ. कर गळून पडला आणि गर्दी राहिली. माझ्या वर्गात हे सांगितले की मुले हसतात.

आता एका नाजूक जागी येतो. औरंगजेबाचे नाव घेतले की आजकाल वाचायच्या आधीच बाजू ठरते. पण आपला विषय नाक्याचा आहे आणि या विषयातला फार मोठा धडा त्याच्या काळात आहे, म्हणून तो टाळता येत नाही.

1665 साली औरंगजेबाने मालावरच्या जकातीचे दर ठरवले. मुसलमान व्यापाऱ्याला अडीच टक्के, हिंदू व्यापाऱ्याला पाच. दोन वर्षांनी, 1667 मध्ये, मुसलमानांना ही जकात साफ माफ झाली. हिंदूंची चालू राहिली. हा भेदभाव होता. जुन्या फिकहचा आधार दाखवला म्हणून एकाच रस्त्यावरून एकच कापड नेणाऱ्या दोन माणसांमधला अन्याय न्याय होत नाही. पुढे काय झाले ते खाफीखान या त्याच काळातल्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. मुसलमान व्यापारी हिंदू व्यापाऱ्यांचा माल स्वतःच्या नावावर नाक्यातून पार करू लागले. माल एकाचा, नाव दुसऱ्याचे. खजिन्यातली आवक घटली आणि अखेर मुसलमानांवर अडीच टक्के पुन्हा लावावे लागले.

मी हे वाचले तेव्हा माझा प्लास्टिकच्या पाकिटातला टॅग आठवला. सवलत माझ्या नावावर, गाडी दुसऱ्याची. त्या व्यापाऱ्यांनीही खिडकीतल्या माणसाला हेच सांगितले असेल, "घरचाच माल आहे हो." यात हिंदू आणि मुसलमान मिळून सरकारला फसवत होते, ही गंमतही बघण्यासारखी आहे. भेदभाव वरून आला होता, पण बाजाराने आपसात त्याच्यावर तोड काढली होती. असल्या तोडीचे मला आतून कौतुक वाटते, हे कबूल करतो. पण लगेच दुसरी गोष्ट आठवते आणि ते कौतुक मावळते.

ती गोष्ट दस्तकाची. फार्सीत 'दस्त' म्हणजे हात. 'दस्तक' म्हणजे हाताने दार वाजवणे आणि हातात धरायचा परवानाही. 1717 साली बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिले. वर्षाला 3000 रुपये भरायचे आणि बंगाल सुभ्यात बिनजकात व्यापार करायचा. कंपनीचा अधिकारी सही करून दस्तक देई. नावेबरोबर तो कागद असला की चौकीवाल्याने वाट सोडायची.

परवाना कंपनीच्या मालासाठी होता. पण कंपनीचे नोकर स्वतःचाही धंदा करीत. त्यांनी तेच दस्तक आपल्या खाजगी मालाला लावले. मग ते देशी व्यापाऱ्यांना विकायलाही सुरुवात झाली. जकात भरण्यापेक्षा गोऱ्या साहेबाला थोडे पैसे देऊन त्याचा कागद घेणे स्वस्त पडे. मुर्शिद कुली खानापासून प्रत्येक नवाबाने याला हरकत घेतली. 1756 मध्ये सिराज उद्दौलाच्या इंग्रजांवरच्या तक्रारींत दस्तकाचा गैरवापर हे एक ठळक कलम होते.

1757 ला प्लासी झाली आणि विचारणाराच उरला नाही. मीठ, सुपारी, तंबाखू हा गावपातळीवरचा धंदासुद्धा कंपनीचे लोक आणि त्यांचे गुमास्ते बिनजकात करू लागले. कंपनीचे निशाण लावलेल्या नावा नदीतून बेधडक जात. जकात भरणारा साधा व्यापारी त्यांच्यापुढे टिकणार कसा? तो एकतर बुडाला, नाहीतर त्याने स्वतःच दस्तक विकत घेतले.

नवाब मीर कासिमने 1762 मध्ये तक्रारीमागून तक्रारी केल्या. गव्हर्नर व्हॅन्सिटार्ट मुंगेरला जाऊन त्याला भेटला आणि तडजोड झाली: इंग्रजांनी खाजगी मालावर 9 टक्के द्यावेत. देशी व्यापारी यापेक्षा कितीतरी जास्त भरत होते. तरी कलकत्त्याच्या कौन्सिलने ती फेटाळली. वॉरन हेस्टिंग्जसारखा एखादाच व्हॅन्सिटार्टच्या बाजूने उभा राहिला.

तेव्हा मीर कासिमने जे केले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत धारदार पाऊल वाटते. 1763 मध्ये त्याने सगळ्यांचीच जकात माफ करून टाकली. खजिना रिकामा पडला तरी चालेल, पण माझा व्यापारी आणि तुमचा व्यापारी एका पातळीवर येऊ दे. कंपनीच्या लोकांचे यात एका पैशाचेही नुकसान नव्हते. त्यांना आधीच काही भरावे लागत नव्हते. तरीही ते खवळले. कारण त्यांचा फायदा नुसता माफीत नव्हता, दुसऱ्याला माफी नसण्यात होता. बोलणी फिसकटली, लढाई झाली. 22 ऑक्टोबर 1764 ला बक्सरला मीर कासिम, अवधचा शुजा उद्दौला आणि बादशहा शाह आलम यांचे सैन्य हरले. पुढच्याच वर्षी, 12 ऑगस्ट 1765 ला, बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी कंपनीला मिळाली. ज्यांनी नाका चुकवला, तेच आता नाक्याचे मालक झाले. दस्तकाची पद्धत पुढे 1773 मध्ये बंद केली ती याच वॉरन हेस्टिंग्जने. कारण आता बुडत होती ती कंपनीचीच जकात.

बक्सर फक्त दस्तकामुळे झाले असे मी म्हणत नाही. सत्तेची भूक त्यामागे होतीच. पण भांडणाला तोंड फुटले ते परवान्यावरून. एका मालाचा परवाना दुसऱ्या मालाला लावण्यावरून.

मग आपल्याकडे काय होते? पेशवाईत माल भरण्याच्या ठिकाणी 'थळभरीत' आणि उतरवण्याच्या ठिकाणी 'थळमोड' द्यावी लागे. वाटेतल्या चौक्या वेगळ्या. कुठे सरकारी कमाविसदार, कुठे मक्तेदार, कुठे जहागीरदाराचा माणूस. बैल लादून निघालेल्या लमाणाला किंवा उदम्याला प्रत्येक ठिकाणी हुज्जत घालावी लागे. त्यावर आपल्या लोकांनी एक सुंदर उपाय काढला होता. गावोगाव 'हुंडेकरी' असत. व्यापाऱ्याने हुंडेकऱ्याला एकदाच ठरलेली रक्कम द्यायची. वाटेतल्या सगळ्या चौक्यांचा हिशेब हुंडेकरी भागवी. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या हुंडेकऱ्यांची नोंद आहे.

आजचा फास्टॅग दुसरे काय करतो? आधी पैसे भरून ठेवायचे, वाटेतल्या नाक्यांचा हिशेब बँक परस्पर भागवते. हुंडेकरी हे आडनाव आपल्या भागात मुसलमानांतही आहे. पुढच्या वेळी भेटले की त्यांना सांगा, तुमच्या पूर्वजांचा धंदा आता एका चिकटपट्टीत मावला आहे.

फरक एवढाच की हुंडेकरी माणूस होता, माल डोळ्यांनी बघत होता. टॅगला डोळे नाहीत. त्याच्या आत बारीक चिप असते, बॅटरीही नसते. नाक्यावरच्या यंत्राने लहरी सोडल्या की ती आपला क्रमांक सांगते. त्या क्रमांकाला कोणत्या गाडीचा नंबर, कोणता वर्ग आणि कोणते खाते जोडले आहे हे दूरच्या नोंदवहीत पाहिले जाते. टॅग हातात धरून दाखवला काय किंवा दुसऱ्याच गाडीत ठेवला काय, तो तीच साक्ष देतो. म्हणजे दुसऱ्या गाडीत ठेवलेला टॅग ही खोटी साक्ष असते, आणि ती आपण त्याला द्यायला लावलेली असते.

यात कुणाचे काय जाते, असे मलाही वाटे. कारचा टॅग ट्रकमध्ये ठेवला तर चोरी उघड दिसते. पण कारचा टॅग कारमध्येच? मग हिशेब मांडला. चोवीस तासांत त्याच नाक्यावरून परत आले तर जाण्यायेण्याचे मिळून दीडपटच लागतात. मी सकाळी गेलो आणि संध्याकाळी मेहुणा आपल्या गाडीत माझा टॅग घेऊन गेला, तर यंत्र समजते की मीच परतलो. त्याला अर्धेच पैसे लागतात. हे आमच्याकडे किती वेळा झाले असेल ते मी मोजले, आणि आकडा बघून गप्प बसलो. शिवाय उद्या एखादा अपघात झाला, गाडी चोरीला गेली, तर तपास करणारे नाक्याची नोंद बघतात. तिथे माझी घरी उभी असलेली गाडी सोलापूरच्या रस्त्यावर दिसणार.

सरकारनेही हे एका दिवसात ओळखले नाही. 2014 मध्ये अहमदाबाद ते मुंबई मार्गावर प्रयोग झाला. डिसेंबर 2017 पासून नव्या चारचाकीला टॅग लावूनच विकणे सक्तीचे झाले. 15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या सगळ्या रांगा टॅगच्या झाल्या आणि टॅग नसलेल्याला दुप्पट आकार लागू झाला. पण लोक आपले शहाणे. एका गाडीला चार टॅग, चार गाड्यांना एक टॅग असे सुरू झाले. म्हणून जानेवारी 2024 मध्ये महामार्ग प्राधिकरणाने 'एक वाहन, एक फास्टॅग' जाहीर केले. जुलै 2024 मध्ये काचेला न चिकटवलेल्या टॅगवर दुप्पट आकार लावायचे ठरले आणि जुलै 2025 मध्ये असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकायचे. 15 ऑगस्ट 2025 पासून खाजगी गाड्यांना 3000 रुपयांत 200 फेऱ्यांचा वार्षिक पास मिळू लागला. तोही ज्या गाडीचा त्याच गाडीला. आपल्या राज्यातल्या नाक्यांवर 1 एप्रिल 2025 पासून फास्टॅग सक्तीचा आहे.

प्राधिकरणाने सुट्या टॅगला दिलेले नाव आहे 'टॅग-इन-हँड', म्हणजे हातातला टॅग. उर्दूच्या मास्तराने हे वाचून हसू नये तर काय करावे? दस्त म्हणजे हात. हातातला परवाना म्हणजे दस्तक. अडीचशे वर्षांनी गैरप्रकाराचे नावही तेच निघाले.

आता दुसरी बाजू. नाका प्रामाणिक असावा ही मागणी फक्त गाडीवाल्याकडून करून भागत नाही. मीर कासिमचा प्रश्न आजही आहे: सगळ्यांना एकच नियम आहे का? नाक्यावर सूट असलेल्या पदाधिकाऱ्यांची यादी असते. त्या यादीत नसलेलेही काही जण ओळख सांगून रुबाबात जातात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ज्याची ओळख नाही तो भरतो. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, तो सगळ्यांना झाला. तशी माफी मला समजते. नावावर आणि ओळखीवर मिळणारी माफी समजत नाही. औरंगजेबाची 1667 ची माफी आणि कंपनीचे दस्तक यांच्यात मला एकच दोष दिसतो. रस्ता सगळ्यांचा आणि सूट काहींची.

पण दुसऱ्याचा दोष दाखवून आपला पुसता येत नाही. कारखान्याच्या गावांत ऊस दुसऱ्याच्या नावावर घालतात, रेशन दुसऱ्याच्या कार्डावर उचलतात, पास एकाचा आणि प्रवास दुसऱ्याचा. प्रत्येक वेळी आपण म्हणतो, घरचाच आहे. नाक्यावरच्या त्या मुलाने मला एका वाक्यात सांगितले होते, घरचा असून चालत नाही.

लग्नाहून परतल्यावर मी माझ्या टॅगची कागदपत्रे पुन्हा दिली आणि तो माझ्या गाडीच्या काचेला कायमचा चिकटवला. मेहुण्याने त्याचा वेगळा घेतला. राहिला प्रश्न वाचवलेल्या पैशांचा. रक्कम मोठी नव्हती. रमजान जवळ आला होता आणि मी जकातीचा हिशेब करायला बसलो होतो. बायको म्हणाली, "तेही यात धरा आणि देऊन टाका."

अब्बा पलीकडे बसले होते. म्हणाले, "ते जकातीत कसं धरशील? जकात आपल्या पैशाची असते. तो पैसा आपला होता कुठं?"

ती रक्कम मी वेगळी काढली. सवाबाची नियत न ठेवता देऊन टाकली. मुलीने विचारले, ही जकात ना? मी म्हणालो, ही नाक्यावरची. दुसरी रमजानमध्ये देऊ.